थेंबाचे माप आणि यंत्राचे कुलूप

बंगळुरूच्या ईशान्येस सुमारे पस्तीस किलोमीटरवर होसकोटे आहे. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीचे वर्णन करताना बंगळुरू आणि कोलार यांच्या जोडीने ज्याचे नाव येते, तेच हे गाव. आज तेथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे ‘क्रेस्ट’ हे केंद्र आहे. लडाखमधील हानले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्रा दुर्बीण उभी आहे. तिला आकाशाच्या कोणत्या भागाकडे वळवायचे, ही आज्ञा मात्र होसकोट्याहून उपग्रहामार्गे जाते. याच आवारातील एम. जी. के. मेनन प्रयोगशाळेत २०१५ साली अवकाशात गेलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ची अतिनील दुर्बीण जुळवली गेली, २०२३ साली निघालेल्या ‘आदित्य-एल१’वरील प्रभामंडल निरीक्षणाचे उपकरणही येथेच सिद्ध झाले.

आता याच महानगरातील एखाद्या महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत डोकावून पाहू. टेबलावर तळहातापेक्षा थोडी मोठी प्लास्टिकची प्लेट आहे. तिच्यात आठ ओळींत बारा-बारा असे ९६ खळगे आहेत. प्रत्येक खळग्यात आठ वेगवेगळे द्रव ठरावीक मापाने सोडायचे असतील, तर ७६८ वेळा तीच कृती करावी लागते: पिपेटला टिप लावायची, अंगठ्याने दट्ट्या दाबायचा, द्रव उचलायचा, सोडायचा आणि टिप टाकून द्यायची. चारशेव्या खळग्यानंतर अंगठा दुखू लागतो. पाचशेव्यानंतर आपण कोणत्या ओळीत होतो, याचा विसर पडतो.

दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेली दुर्बीण हलवणाऱ्या देशात हाताच्या अंतरावरचा थेंब अजून अंगठ्यानेच का हलतो? यंत्र महाग आहे, हे सोपे उत्तर. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. थेंब उचलून दुसरीकडे सोडण्याचे यंत्र महाग का झाले आणि गेल्या वीस वर्षांत ते स्वस्त कसे होऊ लागले, हे समजून घ्यायचे तर मापाचा, प्लेटचा आणि कुलपाचा इतिहास पाहावा लागतो.

तोंडापासून अंगठ्यापर्यंत

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रयोगशाळेत द्रव मोजण्याची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे काचेची पिपेट तोंडात धरून ओढणे. आम्ल असो, किरणोत्सारी द्रव असो वा जंतूंचे संवर्धन असो, ओठ आणि द्रव यांच्यामध्ये काही इंचांची हवा एवढेच अंतर असे. अशा रीतीने ओढताना विषमज्वराचे जंतू एका वैद्याच्या तोंडात गेल्याची नोंद १८९३ सालची आहे. तरीही ही सवय पुढे कित्येक दशके टिकली.

हात आणि थेंब यांच्या मध्ये झालेली चूक किती महाग पडते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे परळ येथील जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली आणि तेथून लशीच्या कुप्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. हे एकोणीसही जण एकाच कुपीतून लस मिळालेले होते. कुपीचा क्रमांक होता ५३-एन.

चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. परंतु कुपी उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच चिमटा बूच काढण्यासाठी वापरला गेला होता, ही बाब पुढे आली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. तोवर पाच वर्षे निघून गेली होती. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचेच नाव दिले गेले. या प्रकरणातून प्रयोगशाळेच्या इतिहासाला मिळालेला धडा साधा आहे: द्रव कोणत्या क्षणी, कोणत्या साधनाने, कोणाच्या हातून हलला, याची नोंद नसेल तर सत्य सापडायला वर्षे लागतात. यंत्राची खरी उपयुक्तता केवळ वेगात नाही. यंत्र आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवू शकते.

तोंडाने ओढण्याची सवय मोडणारा शोध जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात लागला. १९५७ साली हाइनरिख श्निटगर या तरुण वैद्याला दिवसभर सूक्ष्म प्रमाणात द्रव मोजावे लागत. त्या कंटाळ्यातून त्याने स्प्रिंगवर मागे येणारा दट्ट्या आणि पुढे बदलता येणारी प्लास्टिकची टिप असलेली पिपेट बनवली. दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवेची गादी राही. त्यामुळे द्रव टिपेतच राही, यंत्रणेला स्पर्श करत नसे. हँबुर्गच्या एपेनडॉर्फ कंपनीने १९६१ पासून तिचे उत्पादन सुरू केले. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेतील वॉरेन गिलसन यांनी माप फिरवून बदलता येईल अशी पिपेट रूढ केली. आज जगातील बहुतेक सर्व जीवशास्त्र प्रयोगशाळांत अंगठ्याखाली असते ती याच दोन कल्पनांची संतती. तोंडाची जागा अंगठ्याने घेतली, ही मोठीच सुधारणा झाली. परंतु प्रत्येक थेंबामागे एक माणूस हे गणित मात्र तसेच राहिले.

टंचाईतून जन्मलेली प्लेट

थेंब हलवणाऱ्या यंत्राला एक गोष्ट आधी ठाऊक असावी लागते: थेंब नेमका कोठे सोडायचा. ही जागा निश्चित करण्याचे श्रेय हंगेरीच्या ग्युला टाकात्सी यांना जाते. १९५१ च्या सुमारास हंगेरीत इन्फ्लुएन्झाची साथ होती आणि रक्तद्रवाच्या चाचण्यांसाठी लागणाऱ्या परीक्षानळ्या व पिपेट यांची टंचाई होती. टाकात्सी यांनी पारदर्शक प्लास्टिकच्या ठोकळ्यात ओळीने खळगे कोरले आणि परीक्षानळ्यांची संपूर्ण मांडणीच एका वडीवर आणली. बारा खळग्यांच्या ओळी प्रथम सहा होत्या. पुढे आठ झाल्या, आणि ९६ हा आकडा रूढ झाला.

ही प्लेट कोणा एकाच्या मालकीची राहिली नाही, हे या कथेतील महत्त्वाचे वळण आहे. दोन शेजारच्या खळग्यांच्या केंद्रांतील अंतर ९ मिलिमीटर आणि प्लेटचा तळ १२७.७६ बाय ८५.४८ मिलिमीटर, ही मापे सर्वसंमत झाली आणि २००४ साली अमेरिकेत त्यांना औपचारिक मानकाचे रूप मिळाले. कोणत्याही कारखान्याची प्लेट कोणत्याही यंत्रावर बसू लागली. ज्याला आपण आज मुक्तस्रोत म्हणतो, त्याचे एक जुने रूप येथे दिसते. माप सर्वांचे असेल, तर ते पाळणारे यंत्र कोणालाही बनवता येते.

यंत्रे आली, पण झाकण बंद होते

स्वयंचलित रासायनिक चाचणीचा आरंभ रुग्णालयांत झाला. अमेरिकेतील लेनर्ड स्केग्ज यांनी रक्ताचे नमुने एकामागून एक नळीतून वाहत नेऊन तपासणारे यंत्र रचले. टेक्निकॉन कंपनीने १९५७ साली ते ‘ऑटोॲनालायझर’ या नावाने बाजारात आणले. १९८०च्या दशकाच्या आरंभी तीन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. १९८० साली स्वित्झर्लंडमध्ये टेकॅन कंपनी स्थापन झाली. १९८२ साली अमेरिकेतील झायमार्क कंपनीने प्रयोगशाळेसाठी घडवलेला यांत्रिक हात विक्रीस आणला. आणि जपानमध्ये कोची वैद्यकीय महाविद्यालयात मासाहिदे सासाकी यांनी मोजक्या कर्मचाऱ्यांवर भागवण्यासाठी सरकते पट्टे व यांत्रिक हात जोडून रुग्णालयाची संपूर्ण प्रयोगशाळाच स्वयंचलित केली. १९९० ते २००३ या काळात चाललेल्या मानवी जनुकसंच प्रकल्पाने अशा यंत्रांची मागणी अनेक पटींनी वाढवली.

मागणी वाढली, तरी यंत्रे सर्वांच्या आवाक्यात आली नाहीत. गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या औषध कंपन्या आणि मोठी संशोधन केंद्रे. किंमत त्यांच्या ऐपतीनुसार ठरे. शिवाय यंत्राची आज्ञावली त्या त्या कंपनीची, सुटे भाग तिचेच, अनेकदा टिप्सही तिच्याच. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रयोगक्रम दुसऱ्या यंत्राला समजत नसे. यंत्र बिघडले तर झाकण उघडण्याची मुभा विकत घेणाऱ्याला नसे. अधिकृत अभियंत्याची वाट पाहावी लागे. प्लेट सर्वांची होती, पण तिच्यावर फिरणारा हात कुलूपबंद होता.

येथे कंपन्यांना खलनायक ठरवण्याचे कारण नाही. रुग्णाच्या चाचणीत चूक होता कामा नये, यासाठी तपासणी, प्रमाणपत्रे आणि उत्तरदायित्व यांवर त्या मोठा खर्च करतात, आणि बंदिस्तपणामुळे हे उत्तरदायित्व निभावणे सोपे होते. परंतु या व्यवस्थेची एक किंमत समाजाने मोजली: थेंब अचूक कसा हलतो, हे ज्ञान वापरणाऱ्याच्या हातातून निघून गेले.

कुलूप कसे उघडले

२००५ साली दोन ठिकाणी दोन असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टी घडल्या. इटलीतील इव्रेया येथे विद्यार्थ्यांसाठी ‘आर्डुइनो’ नावाचा स्वस्त नियंत्रक फलक तयार झाला. त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला होता. त्याच वर्षी इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात ॲड्रियन बोयर यांनी ‘रेपरॅप’ प्रकल्प सुरू केला. स्वतःचेच बरेचसे भाग छापू शकेल असा त्रिमितीय मुद्रक, म्हणजेच थ्री-डी प्रिंटर, घडवणे हे त्याचे ध्येय होते. २००८ साली ‘डार्विन’ या प्रतिकृतीने ते साध्यही केले. वितळवलेल्या प्लास्टिकचे थर देऊन वस्तू घडवण्याच्या पद्धतीचे अमेरिकेतील मूळ एकस्व २००९ साली संपले, आणि असे मुद्रक जगभर घराघरांत बनू लागले.

द्रव हाताळणाऱ्या रोबोटशी याचा संबंध काय? त्रिमितीय मुद्रक आणि पिपेट हलवणारा रोबोट यांचा सांगाडा एकच असतो. दोन्हींत एक टोक डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अचूक न्यायचे असते. मुद्रकात त्या टोकातून प्लास्टिक बाहेर येते, रोबोटमध्ये तेथे पिपेट बसते.

अचूकतेचा हिशेब वहीच्या कोपऱ्यात करता येईल इतका सोपा आहे. अशा यंत्रांतील नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. तिच्यावर वीस दात्यांची कप्पी आणि दोन मिलिमीटर अंतराचे दाते असलेला पट्टा बसवला, तर एका फेऱ्यात टोक ४० मिलिमीटर सरकते. म्हणजे एका पावलात ०.२ मिलिमीटर. प्लेटवरील एका खळग्यातून शेजारच्या खळग्यात जायला, म्हणजे ९ मिलिमीटरसाठी, बरोबर ४५ पावले लागतात. द्रव ओढण्याचे गणितही असेच आहे. एक मिलिलिटरच्या साध्या सिरिंजमध्ये दट्ट्या सुमारे ५७ मिलिमीटर सरकतो. म्हणजे दर मिलिमीटरला जवळजवळ १७.५ मायक्रोलिटर. एका फेऱ्यात दोन मिलिमीटर पुढे जाणाऱ्या आट्यांच्या दांड्याने तो दट्ट्या ढकलला, तर मोटरच्या एका पावलात सुमारे ०.१८ मायक्रोलिटर द्रव हलतो. प्रत्यक्षात घर्षण, आट्यांतील ढिलाई आणि हवेची लवचिकता यांमुळे इतकी बारीक अचूकता हाती लागत नाही. तरीही महाविद्यालयीन प्रयोगांत लागणाऱ्या पाच-दहा मायक्रोलिटरपर्यंत पोहोचणे अशक्य राहत नाही.

अशा मोटरी, पट्टे आणि कप्प्या बंगळुरूच्या एस. पी. रोडवर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतात. अवघड होते ते आराखडा, आज्ञावली आणि ‘असे केले तर चालते’ हे अनुभवाचे ज्ञान. आणि नेमके तेच आता खुलेपणाने वाटले जाऊ लागले.

या वाटपाचे काही टप्पे नोंदवण्याजोगे आहेत. २०११ साली जिनिव्हाच्या ‘सर्न’ या संस्थेने खुल्या यंत्ररचनांसाठी स्वतंत्र परवाना तयार केला. २०१४ साली मिशिगन टेक विद्यापीठातील जोशुआ पीअर्स यांच्या गटाने छापून जोडता येणारा सिरिंज पंप आराखड्यासह प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ‘जेनस्पेस’ या सामुदायिक प्रयोगशाळेतून पुढे आलेल्या ‘ओपनट्रॉन्स’च्या तरुणांनी लोकवर्गणीतून आपला पहिला रोबोट बाजारात आणला. त्याची किंमत सुमारे दोन हजार डॉलर होती. प्रयोगशाळेत आधीच असलेली हातपिपेट या यंत्राला बसवायची, ही त्यातील साधी युक्ती. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील इंगमार रीडेल-क्रूझ यांच्या गटाने लेगोचे खेळण्यातले तुकडे आणि प्लास्टिकच्या सिरिंज यांतून द्रव हाताळणारे रोबोट घडवून शाळकरी मुलांच्या हाती दिले. २०२० साली जर्मनीतील माइन्त्स विद्यापीठातून ‘फिंडस’ हे छापील यंत्र प्रसिद्ध झाले. त्याच्या सामग्रीचा खर्च सुमारे चारशे डॉलर होता. आणि २०२३ साली एमआयटीतील गटाने ‘पायलॅबरोबोट’ ही खुली आज्ञावली मांडली. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकाच भाषेत आज्ञा देता यावी, हा तिचा हेतू. टाकात्सींच्या प्लेटने खळग्यांच्या बाबतीत जे केले, तेच येथे आज्ञांच्या बाबतीत घडू पाहत आहे.

या चळवळीत बंगळुरूचाही आरंभीचा वाटा आहे. २००९ साली माद्रिदमधील एका कार्यशाळेतून ‘हॅकटेरिया’ हे जाळे जन्मले. त्याच्या तीन प्रवर्तकांपैकी एक बंगळुरूच्या सृष्टी या कला-अभिकल्प संस्थेतील यशस शेट्टी होते. स्वस्त वेबकॅमेरा उलटा बसवून त्याचे सूक्ष्मदर्शक बनवणे, हा त्यांच्या कार्यशाळांतील आवडता धडा. जीवशास्त्राची साधने स्वतः घडवता येतात, हा विचार भारतात कलाशाळेच्या दारातूनही शिरला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अर्थात उघडलेले कुलूप पुन्हा लागूही शकते. रेपरॅपच्या खुल्या ज्ञानावर वाढलेल्या ‘मेकरबॉट’ या मुद्रक-कंपनीने २०१२ साली आपल्या नव्या यंत्राचा आराखडा खुला ठेवणे थांबवले, आणि तिच्या चाहत्यांत मोठा क्षोभ उसळला. खुलेपणा म्हणजे एकदाच दिलेले दान नव्हे. परवाना, नोंदी आणि वापरणाऱ्यांचा सहभाग यांनी तो टिकवावा लागतो.

२०२०: थेंबांचे वर्ष

३० जानेवारी २०२० रोजी केरळात देशातील पहिला कोविड रुग्ण आढळला, तेव्हा निदानाचा भार पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेवर होता. जुलैअखेर देशातील चाचणी-प्रयोगशाळांची संख्या तेराशेच्या घरात गेली. या विस्तारात सर्वांत दुर्मीळ वस्तू कोणती होती? चाचणीसंच होते, यंत्रे होती. परंतु नमुन्याच्या नळीपासून पीसीआर यंत्रापर्यंतचा मार्ग थेंबांचा होता. नमुन्यात विषाणूचे कवच फोडणारा द्रव घालायचा, आरएनए वेगळा करायचा, दोनदा-तीनदा धुवायचा, शेवटी विकरांच्या मिश्रणात सोडायचा. प्रत्येक नमुन्यामागे सहा-सात वेळा पिपेट. संरक्षक पोशाख चढवून, घामाने निथळत, तंत्रज्ञांनी हे काम रात्रंदिवस हातांनी केले.

या अडचणीला तीन प्रकारची उत्तरे मिळाली. पहिले उत्तर मोठ्या आयात यंत्रांचे. २७ जुलै २०२० रोजी नोएडा, मुंबई आणि कोलकाता येथे आयसीएमआरच्या उच्चक्षमता प्रयोगशाळांचे उद्घाटन झाले. प्रत्येकीची क्षमता दिवसाला दहा हजारांहून अधिक नमुन्यांची होती. दुसरे उत्तर पुण्यातून आले. मीनल दाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ‘मायलॅब’च्या चाचणीसंचाला मार्चमध्ये मान्यता मिळाली होती. त्याच कंपनीने जुलैमध्ये नमुना ते पीसीआर हा मार्ग स्वयंचलित करणारे ‘कॉम्पॅक्ट एक्सएल’ हे यंत्र आणले. द्रव हाताळणारे यंत्र भारतात बनू शकते, हे त्यातून दिसले. न्यूयॉर्कमध्ये आणि स्पेनमधील काही रुग्णालयांत त्याच वर्षी ओपनट्रॉन्सचे रोबोट कोविड चाचणीसाठी रांगेने उभे राहिले.

तिसरे उत्तर गणिताचे होते, आणि तेच या विषयाच्या मुळाशी जाते. अनेक नमुने एकत्र मिसळून तपासले तर चाचण्या वाचतात. आयसीएमआरने एप्रिल २०२० मध्ये पाच नमुन्यांपर्यंत असे मिश्रण करण्यास अनुमती दिली. मात्र मिश्रणात विषाणू सापडला, तर त्यातील प्रत्येक नमुना पुन्हा तपासावा लागे. आयआयटी मुंबईतील मनोज गोपालकृष्णन व अजित राजवाडे आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संदीप कृष्णा यांच्या गटाने ‘टॅपेस्ट्री’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात दुसरी फेरी लागत नाही. प्रत्येक नमुना तीन वेगवेगळ्या मिश्रणांत जातो, आणि सर्व मिश्रणांच्या निकालांवरून कोणता नमुना बाधित आहे, हे गणित शोधून काढते.

नमुने कोणत्या मिश्रणांत सोडायचे, हे ठरवण्यासाठी त्यांनी वापरलेली रचना एका जुन्या कोड्याशी निगडित आहे. १८५० साली टॉमस कर्कमन या इंग्रज धर्मोपदेशकाने विचारले: पंधरा विद्यार्थिनी रोज तिघी-तिघींच्या पाच ओळींत फिरायला जातात, सात दिवसांत कोणत्याही दोघी एका ओळीत दोनदा येणार नाहीत, अशी योजना करता येईल काय? या कोड्यातील विद्यार्थिनींच्या जागी मिश्रणे ठेवा आणि तिघींच्या प्रत्येक ओळीच्या जागी एक नमुना. पंचेचाळीस मिश्रणे घेतली तर एका ‘दिवशी’ पंधरा ओळी होतात. असे सात दिवस घेतले की १०५ नमुने ४५ चाचण्यांत तपासता येतात. ९३ मिश्रणे आणि ३१ दिवस घेतले तर ९६१ नमुने. बाधितांचे प्रमाण कमी असेल, तेव्हा ही बचत मोठी आहे.

परंतु बचत चाचण्यांची झाली. थेंबांची संख्या मात्र वाढली. १०५ नमुन्यांसाठी ३१५ वेळा आणि ९६१ नमुन्यांसाठी २,८८३ वेळा पिपेट हलवावी लागते, आणि तीही सरळ ओळीने नव्हे, तर कोड्याच्या उत्तरात लिहिल्याप्रमाणे इकडून तिकडे. एक थेंब शेजारच्या खळग्यात पडला, तर गणित चुकीच्या माणसाकडे बोट दाखवू शकते. तंत्रज्ञाला पुढचा थेंब कोठे सोडायचा हे दाखवण्यासाठी या गटाला मोबाइल ॲप तयार करावे लागले, यातच सर्व आले. माणसाला ही भटकंती जाचक वाटते. ४५ पावले मोजणाऱ्या मोटरीला सरळ ओळ आणि वेडीवाकडी ओळ सारखीच. मुंबई-बंगळुरूच्या गणिताला ज्या हाताची गरज होती, तो स्वस्त आणि कोणत्याही क्रमाने हलणारा हात जिल्हा पातळीवरील प्रयोगशाळांत तेव्हा नव्हता.

खगोलशास्त्रज्ञांचा धडा

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. खगोलशास्त्रज्ञ उपकरणे स्वतः घडवतात, कारण त्यांना ती बाजारात मिळतच नाहीत. प्रत्येक दुर्बीण एकमेव असते. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या गोविंद स्वरूप यांनी ताणलेल्या तारा आणि जाळी यांच्या हलक्या रचनेतून उभारल्या. खर्च कमी करण्याच्या गरजेतूनच ती रचना सुचली. जीवशास्त्रज्ञांना मात्र यंत्र तयार मिळत गेले. तयार मिळते म्हणून घडवण्याची परंपरा रुजली नाही, आणि परंपरा नसल्यामुळे परवडत नाही तेव्हा हातानेच काम करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. होसकोट्यात जे आहे आणि सामान्य जीवशास्त्र प्रयोगशाळेत जे नाही, ते म्हणजे उपकरण उघडून त्याला प्रश्न विचारण्याची सवय.

मुक्तस्रोत रोबोटचे मोल येथे आहे, आणि त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. स्वतः जोडलेले यंत्र रुग्णाच्या अहवालासाठी थेट वापरता येत नाही. त्यासाठी रीतसर पडताळणी व मान्यता आवश्यक असते. ग्लिसरॉलसारखे दाट द्रव आणि अल्कोहोलसारखे उडून जाणारे द्रव अशा यंत्रांची परीक्षा पाहतात. सामग्री स्वस्त असली, तरी जोडणाऱ्याचा वेळ स्वस्त नसतो. आणि ज्या विद्यार्थ्याने यंत्र जोडले तो पदवी घेऊन गेला, तर नोंदींअभावी ते कोपऱ्यात धूळ खात पडते.

या मर्यादांवरचे उत्तरही मापातच आहे. पिपेटची परीक्षा कोणत्याही संवेदनशील तराजूवर घेता येते, कारण एक मायक्रोलिटर पाणी जवळजवळ एक मिलिग्रॅम भरते. वीस अंश सेल्सिअस तापमानाला रोबोटने शंभर मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडावे. दर वेळचे वजन ९९.७ मिलिग्रॅमच्या आसपास यावे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६५५ नुसार या मापाच्या दट्ट्याच्या पिपेटला सरासरीत ०.८ मायक्रोलिटरपर्यंत आणि विखुरणीत ०.३ मायक्रोलिटरपर्यंत चूक चालते. हाच निकष घरी जोडलेल्या यंत्राला लावता येतो. तो उत्तीर्ण झाला की नाही, हे कंपनीचे नाव ठरवत नाही, तराजू ठरवतो. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी स्वतः जोडलेल्या रोबोटची आणि स्वतःच्या अंगठ्याची अशी तुलना एकाच तराजूवर केली, तर मापनशास्त्राचा इतका चांगला धडा दुसरा नसेल. त्या दहा वजनांची नोंद यंत्राशेजारी टांगून ठेवली, तर पुढच्या तुकडीला यंत्राबरोबर त्याचा स्वभावही वारशाने मिळतो.

मुलकोवालची कुपी आणि टॅपेस्ट्रीची मिश्रणे यांच्यात एकशे अठरा वर्षांचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: हा थेंब जेथे जायला हवा होता तेथेच गेला, याची खात्री कोण देणार? ज्या यंत्राचे झाकण आपल्याला उघडता येते, ज्याच्या आज्ञा आपल्याला वाचता येतात आणि ज्याचे माप आपण तराजूवर ताडून पाहू शकतो, त्याच्या बाबतीत ही खात्री आपली आपल्याला देता येते. पुढची साथ येण्यापूर्वी अशी खात्री देऊ शकणारी माणसे प्रत्येक जिल्ह्यात असावीत, हे दोन मीटरची दुर्बीण दुरून हलवणाऱ्या देशाला अवघड नाही.